वेगवेगळ्या तिकिटांवर विमान बदलताना: बेळगाव परिसरातून निघणाऱ्या प्रवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी थेट विमान जात नाही, आणि देशातल्या बऱ्याच दूरच्या शहरांसाठीही बेंगळूर, हैदराबाद, मुंबई किंवा दिल्ली येथे विमान बदलावेच लागते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा अथणी भागातल्या माणसाचा लांबचा विमानप्रवास बहुधा दोन तुकड्यांचा असतो. हे दोन तुकडे कधी भाडे कमी पडते म्हणून, कधी दोन कंपन्यांमध्ये करार नाही म्हणून, तर कधी मोठे तिकीट आधीच काढून झाले आणि बेळगावचे नंतर सुचले म्हणून वेगवेगळ्या तिकिटांवर काढले जातात. असे करण्यात चूक काहीच नाही. परंतु या दोन विमानांमधला वेळ सांभाळण्याची जबाबदारी पूर्णपणे प्रवाशाची असते, हे पक्के ठाऊक असेल तरच तो प्रवास नीट आखता येतो.

आपले तिकीट एक आहे की दोन, हे कसे ओळखावे

एकदाच पैसे भरले म्हणजे तिकीट एकच झाले, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. तिकीट विकणारी अनेक संकेतस्थळे दोन स्वतंत्र कंपन्यांची विमाने एकत्र जोडून एकाच किमतीला दाखवतात. अशा ठिकाणी ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे शब्द किंवा ‘सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागेल’ अशी बारीक सूचना दिलेली असते. पैसे भरण्यापूर्वी ती शोधावी. तिकीट हाती आल्यावर प्रत्येक विमानासमोर कोणता पीएनआर आणि कोणता तिकीट-क्रमांक आहे, हे पाहावे. दोन स्वतंत्र आरक्षणे आणि दोन तिकीट-क्रमांक असतील, तर दोन्ही विमाने एकाच कंपनीची असली तरी ती दोन वेगळी तिकिटेच आहेत. अशा वेळी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने मदत केली तर तो त्याचा चांगुलपणा, तुमचा हक्क नव्हे.

हा फरक नियमांतही आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत पुढचे विमान चुकल्याबद्दल प्रवाशाला जे संरक्षण दिले आहे, ते दोन्ही विमाने एकाच तिकीट-क्रमांकावर असतील तेव्हाचे आहे. वेगळ्या तिकिटांच्या बाबतीत पहिल्या कंपनीचे कर्तव्य तुम्हाला बेंगळूरला पोचवण्यापुरते असते आणि दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी ठरता. त्याहून गंभीर परिणाम पुढे आहे. दुसऱ्या तिकिटावर जाणे-येणे दोन्ही असेल आणि जाण्याच्या विमानाला तुम्ही हजर झाला नाहीत, तर त्या तिकिटावरचे परतीचे आरक्षणही सहसा आपोआप रद्द होते. म्हणजे बेळगाव-बेंगळूर हे काही हजारांचे विमान उशिरा आल्यामुळे लाखभर रुपयांचे तिकीट जाऊ शकते.

म्हणून वेगळी तिकिटे काढण्यापूर्वी बेळगावपासून शेवटच्या ठिकाणापर्यंत एकच तिकीट मिळते का, हे जरूर शोधावे. शोधताना निघण्याचे ठिकाण म्हणून बेळगावचा कोड, म्हणजे आयएक्सजी, द्यावा. मग तोच शोध हुबळी, कोल्हापूर आणि गोवा येथून करावा. एकत्रित तिकीट दोन-चार हजारांनी महाग असेल, तर माझ्या मते ते निःशंक घ्यावे. फरक वीस-पंचवीस हजारांचा असेल, तर पुढचा विचार करणे सार्थकी लागते.

उलटा हिशेब: निर्णयाची वेळ काढणे

दोन विमानांमध्ये किती तास असावेत, असा प्रश्न बहुतेक जण विचारतात. मोठ्या शहरात राहणाऱ्यांसाठी तो प्रश्न पुरेसा आहे, कारण त्यांचे एक विमान चुकले तर दोन तासांनी दुसरे असते. सांबऱ्याहून एखाद्या शहराला दिवसाला एक-दोनच विमाने असतात, काही तर रोज नसतात. त्यामुळे आपल्यासाठी खरा प्रश्न असा आहे की, पहिले विमान रद्द झाले तर रस्त्याने किंवा रेल्वेने दुसऱ्या विमानापर्यंत पोचता येईल का, आणि त्यासाठी बेळगावहून उशिरात उशिरा किती वाजता निघायला हवे? या वेळेला मी निर्णयाची वेळ म्हणतो आणि तिकीट काढण्यापूर्वी ती कागदावर लिहून काढावी, असा माझा आग्रह आहे.

एक उदाहरण घेऊ. बेंगळूरहून फ्रँकफर्टला जाणारे विमान पहाटे ३ वाजता सुटणार आहे. आंतरराष्ट्रीय विमानांचे चेक-इन काउंटर साधारणपणे सुटण्याच्या ६० ते ७५ मिनिटे आधी बंद होतात, म्हणजे पावणेदोननंतर आलेल्या प्रवाशाला प्रवेश नाही असे धरावे. सामान देणे, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी यांच्या रांगा लक्षात घेता रात्री ११ वाजता विमानतळावर असणे सुरक्षित. बेळगाव ते बेंगळूर हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि जेवणाखाण्याचे थांबे व वाहतूक धरून त्याला दहा तास राखून ठेवावेत. याचा अर्थ दुपारी १ नंतर बेळगाव सोडणाऱ्या गाडीवर विसंबता येणार नाही. दुपारी १ ही या प्रवासाची निर्णयाची वेळ झाली.

आता समजा, बेळगावहून बेंगळूरला एक विमान सकाळी आणि एक संध्याकाळी ६ वाजता आहे. संध्याकाळच्या विमानाने गेले तर मध्ये सात-आठ तास मिळतात आणि ते भरपूर वाटतात. परंतु ते विमान सहा वाजता रद्द झाल्याचे कळले, तर पहाटे तीनचे विमान गाठण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. सकाळचे विमान घेतले, तर ते रद्द झाल्याचे कळल्यावरही गाडी करून निघता येते. मधले तास वाढल्यामुळे विमानतळावर कंटाळा येईल हे खरे, पण प्रवासाची खात्री त्या तासांमुळे नव्हे, तर निर्णयाच्या वेळेआधी पहिल्या विमानाचे काय झाले हे कळल्यामुळे वाढते. त्या दिवशी सकाळचे विमान नसेल, तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा किंवा पहिला टप्पा विमानाने करूच नये.

रेल्वेचा विचार येथे मनापासून करावा. १० ऑगस्ट २०२५ रोजी बेळगाव-बेंगळूर वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली. ती पहाटे बेळगावहून निघून दुपारपर्यंत बेंगळूरला पोचते आणि यशवंतपूरला थांबते. विमानतळ शहराच्या उत्तरेला असल्याने मुख्य स्थानकापर्यंत न जाता यशवंतपूरलाच उतरणे सोयीचे पडते. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची आहे. मध्यरात्रीनंतरच्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी या गाड्या विमानाइतक्याच, पावसाळ्यात तर विमानापेक्षाही भरवशाच्या आहेत. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी बेंगळूर शहरात शिरण्याऐवजी डाबसपेठहून दोड्डबळ्ळापूरमार्गे देवनहळ्ळीकडे वळावे. संध्याकाळच्या गर्दीत त्याने बराच वेळ वाचतो.

देशांतर्गत दोन विमानांसाठी हाच हिशेब थोडा सैल करता येतो. बेंगळूर-दिल्ली किंवा मुंबई-दिल्ली अशा मार्गांवर दिवसभर विमाने असतात. ते विमान चुकले तर पुढचे मिळते, फक्त पैसे जातात. अशा जोडणीसाठी फक्त हातातली बॅग असेल तर तीन तास आणि सामान घेऊन पुन्हा द्यायचे असेल तर चार तास, हे माझ्या मते किमान अंतर आहे. दुसरे विमान त्या दिवसाचे शेवटचे असेल, किंवा ज्या गावाला दिवसातून एकच विमान जाते अशा ठिकाणचे असेल, तर मात्र आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच नियम लावावा.

ऋतूही हिशेबात धरायला हवा. जून ते सप्टेंबर या काळात सांबरा, गोवा आणि मुंबई येथे पाऊस व खाली उतरलेल्या ढगांमुळे विमाने रखडतात किंवा दुसरीकडे वळवली जातात. हिवाळ्यात बेंगळूरला पहाटे धुके असते, तर दिल्लीचे डिसेंबर-जानेवारीतले धुके संपूर्ण देशाचे वेळापत्रक बिघडवते. सकाळी दिल्लीत अडकलेले विमानच दुपारी आपल्याकडे यायचे असू शकते. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा हवामान स्वच्छ असूनही लोक अडकले. म्हणून निर्णयाची वेळ वर्षभर सांभाळावी.

कोणता विमानतळ, कोणते टर्मिनल

बेळगावकरांना निवड आहे, ही मोठी सोय. हुबळी सुमारे १०० किलोमीटरवर आणि कोल्हापूर साधारण ११० किलोमीटरवर आहे, आणि गोव्याला तर दोन विमानतळ आहेत. त्या दोहोंतला गोंधळ मात्र टाळला पाहिजे. जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यात आहे आणि त्याचा कोड जीओएक्स. जुना दाबोळी विमानतळ दक्षिण गोव्यात असून त्याचा कोड जीओआय. एका तिकिटावर मोपा आणि दुसऱ्यावर दाबोळी असे झाले, तर मधला प्रवास रस्त्याने करावा लागेल. आंबोली किंवा चोर्ला घाटातून मोपाला जाणाऱ्यांनी पावसाळ्यात दरडी आणि दाट धुके लक्षात घेऊन रात्रीचा घाट टाळावा आणि एरवीपेक्षा दोन तास आधी निघावे.

हीच काळजी मुंबईबाबत घ्यावी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुटू लागली आहेत. त्याचा कोड एनएमआय, तर जुन्या विमानतळाचा बीओएम आहे आणि या दोहोंमध्ये संपूर्ण महानगर पसरलेले आहे. जुन्या मुंबई विमानतळाची दोन्ही टर्मिनलेही एकमेकांपासून रस्त्याने काही किलोमीटरवर आहेत. दिल्लीत पहिले टर्मिनल तिसऱ्यापासून बरेच दूर आहे. बेंगळूरला आंतरराष्ट्रीय विमाने सप्टेंबर २०२३ पासून दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात, तर इंडिगोची देशांतर्गत विमाने पहिल्या टर्मिनलवर येतात; तेथे एका टर्मिनलमधून बाहेर पडून दुसऱ्यात जावे लागते. हैदराबादला सगळे एकाच इमारतीत असल्याने वेगळ्या तिकिटांच्या प्रवाशाला तेथे विमान बदलणे सर्वांत सुखाचे. दोन मार्गांचे भाडे सारखे असेल, तर मी हैदराबाद निवडण्याचा सल्ला देईन. टर्मिनले अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढताना आणि पुन्हा आदल्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर ती तपासावीत.

सामान

वेगळ्या तिकिटांवर सामान शेवटच्या ठिकाणापर्यंत परस्पर जाईल, असे गृहीत धरू नये. बेंगळूरला पट्ट्यावरून बॅग घ्यावी लागते, बाहेर यावे लागते, ओळखपत्र व पुढचे तिकीट दाखवून पुन्हा आत जावे लागते आणि बॅग नव्याने द्यावी लागते. पुढच्या कंपनीचा काउंटर देशांतर्गत विमानासाठी दोन-तीन तास आणि परदेशी विमानासाठी तीन-चार तास आधीच उघडतो. त्याआधी पोचलात तर बॅगा सांभाळत बसावे लागेल, किंवा विमानतळावरच्या सामान ठेवण्याच्या सशुल्क सोयीचा वापर करावा लागेल.

वजनाचा घोळ याहून खर्चिक ठरतो. देशांतर्गत विमानात सामान्यतः १५ किलो सामान आणि हातात ७ किलोपर्यंतची बॅग चालते, तर परदेशी कंपनी २३ किलोच्या दोन बॅगासुद्धा देते. दुसऱ्या तिकिटावर ४६ किलोची मुभा असली तरी पहिल्या विमानात ३१ किलोचे जादा पैसे द्यावे लागतात, आणि त्या पैशात कदाचित रेल्वेचे वातानुकूलित तिकीट दोनदा निघेल. जादा वजन आधी ऑनलाइन विकत घेतले तर काउंटरवरच्यापेक्षा स्वस्त पडते. शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलांच्या बॅगा बहुधा भरलेल्याच असतात. त्यांनी पहिला टप्पा रेल्वेने किंवा गाडीने करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

कुंद्याचे डबे, लोणची, तूप हे सगळे चेक-इनच्या बॅगेत, गळणार नाही असे बांधून ठेवावे, कारण दुसऱ्या सुरक्षा तपासणीत हातातल्या बॅगेतून असे पदार्थ बाहेर काढण्याची वेळ आली तर मिनिटे जातात. पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्या बॅगेत असावी.

परदेशात विमान बदलणार असाल तर व्हिसा

दोन तिकिटांची जोडणी दुबई, लंडन किंवा अन्य परदेशी विमानतळावर असेल, तर धोका वेगळ्या प्रकारचा आहे. एका तिकिटावर जाणारा प्रवासी दुबईत इमिग्रेशन न ओलांडता पुढच्या विमानात बसतो. वेगळ्या तिकिटाच्या प्रवाशाला बॅग घेण्यासाठी देशात प्रवेश करावा लागतो आणि प्रवेशासाठी व्हिसा लागतो. तो नसेल तर भारतातला चेक-इन कर्मचारी तुम्हाला येथेच थांबवेल, आणि त्याचे ते वागणे नियमाला धरून असेल. फक्त हातातली बॅग आणि पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास आधीच मोबाइलवर असेल, तर काही विमानतळांवर आतल्या आत जाता येते. पण त्याबद्दल दोन्ही कंपन्यांना आधी विचारावे आणि मिळालेले उत्तर लेखी जवळ ठेवावे. अमेरिकेत तर एकाच तिकिटावरही नुसते विमान बदलण्यासाठी व्हिसा लागतो.

आईवडील एकटे जात असतील तर

मुलांकडे जाणाऱ्या वृद्ध आईवडिलांसाठी वेगळी तिकिटे काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठी आणि कन्नड उत्तम बोलणारे, पण परक्या विमानतळावर इंग्रजी सूचनांनी गोंधळणारे आईवडील दोन टर्मिनलांमध्ये बॅगा ओढत फिरत असतील, तर वाचलेल्या पैशाला अर्थ नाही. नाइलाजच असेल, तर घरातल्या कोणीतरी बेंगळूर किंवा मुंबईपर्यंत सोबत जावे आणि आंतरराष्ट्रीय काउंटरवर बॅगा देईपर्यंत थांबावे. चाकांची खुर्ची हवी असल्यास ती दोन्ही आरक्षणांवर स्वतंत्रपणे आणि किमान ४८ तास आधी नोंदवावी. पहिल्या कंपनीला सांगितलेले दुसरीला कळत नाही.

नावांची तपासणीही या निमित्ताने करावी. आपल्या सीमाभागात एकाच माणसाचे नाव कन्नड कागदपत्रांत एका वळणाने, मराठी शाळेच्या दाखल्यात दुसऱ्या वळणाने आणि पासपोर्टवर तिसऱ्याच स्पेलिंगने असते. कोठे वडिलांचे नाव असते, कोठे आडनावच नसते. दोन्ही तिकिटे पासपोर्टवरील नावाप्रमाणेच काढावीत आणि देशांतर्गत विमानातही पासपोर्टच ओळखपत्र म्हणून दाखवावा.

निघण्याच्या दिवशी

दोन्ही विमानांचे वेब चेक-इन घरूनच उरकावे. पहिल्या विमानात पुढच्या रांगेतली जागा थोडे पैसे देऊनही घ्यावी. दोन्ही कंपन्यांच्या ॲपमध्ये आपला मोबाइल क्रमांक नीट नोंदलेला आहे ना, हे पाहावे. एजंटकडून तिकीट काढले असेल तर तेथे बहुधा एजंटचा क्रमांक असतो आणि विमान रद्द झाल्याचा संदेश त्याच्याकडे जातो. पुढच्या तिकिटाची छापील प्रत, व्हिसा आणि विद्यापीठाचे किंवा नोकरीचे पत्र हातातल्या बॅगेत असावे.

सांबऱ्याहून निघायलाच उशीर होतो आहे असे दिसताच दुसऱ्या कंपनीला फोन करावा. तारीख बदलण्याची मुभा सहसा उड्डाणाच्या काही तास आधीपर्यंतच असते. त्या मुदतीत केलेला बदल महाग पडला तरी तिकीट जिवंत राहते आणि परतीचे आरक्षणही टिकते. विमान सुटून गेल्यावर केलेल्या विनवण्यांना फारसे यश येत नाही.

परतीच्या वेळी हा सगळा हिशेब उलटतो. परदेशातून आल्यावर पहिल्याच भारतीय विमानतळावर इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स हे सर्व करावे लागते, त्यामुळे चार तास धरावेत. पण येथे चुकलेच तर बेळगावचे लहान तिकीट जाते, मोठे नाही, आणि बेंगळूर किंवा मुंबईहून रात्रीच्या बसने घरी येता येते. म्हणून येताना थोडी जोखीम घ्यायला हरकत नाही. वारंवार प्रवास करणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या जलद इमिग्रेशन योजनेत नाव नोंदवावे. जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही सोय जानेवारी २०२५ पासून मुंबई, बेंगळूर, हैदराबाद अशा इतर मोठ्या विमानतळांवरही आहे. भारतीय नागरिकांना तिचे शुल्क नाही.

विमान चुकलेच तर

पहिल्या कंपनीकडून विलंब झाल्याचे किंवा उड्डाण रद्द झाल्याचे लेखी प्रमाणपत्र विमानतळ सोडण्यापूर्वीच मागून घ्यावे. प्रवासविमा असेल तर या प्रमाणपत्राशिवाय दावा चालत नाही. विमा घेतानाच वेगळ्या तिकिटांवरची जोडणी त्यात धरली आहे का आणि दोन विमानांमध्ये किमान किती तासांची अट आहे, हे वाचलेले असावे.

पहिल्या विमानाबाबतचे तुमचे हक्क कायम राहतात. उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल, तर डीजीसीएच्या नियमांनुसार कंपनीने दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा देऊ केला पाहिजे. पुरेशी पूर्वसूचना न देता विमान रद्द केले, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे व इंधन शुल्क यांची बेरीज, यांपैकी कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून मिळते; खराब हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी ती मिळत नाही. न वापरलेल्या दुसऱ्या तिकिटाचे मूळ भाडे बुडाले, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळण्याचा हक्क आहे. बहुतेक प्रवासी ते मागतच नाहीत. कंपनीकडे लेखी अर्ज करावा, उत्तर न आल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तेथेही दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. अर्जासोबत दोन्ही तिकिटे, बोर्डिंग पास, विलंबाचे प्रमाणपत्र आणि कंपनीकडून आलेल्या संदेशांच्या प्रती जोडाव्यात.